डावा बूट आणि येसरची आमटी

"लिहा, दाजी," इंद्रजीत म्हणाला. तो आमच्या दिवाणावर मांडी घालून बसला होता आणि छताकडं बघत बोलत होता. "मी, इंद्रजीत. ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. ज्याच्या नाकाला नुसत्या फोडणीवरून घराण्याचा पत्ता लागतो. ज्याच्या कानाला... कानाचं काय लिहावं?"

"कान दोन आहेत," मी म्हणालो.

"चालेल. ज्याचे दोन्ही कान सदैव सावध असतात. आणि ज्याची जीभ..."

"इंद्रजीत, पाय खाली घे. मुंग्या चढतायत."

खरंच चढत होत्या. त्याच्या पँटवर काल सांडलेला पाक वाळला होता आणि गुडघ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. तरी मुंगीचं वाक्य खोडायला त्यानं साफ नकार दिला. "त्या सुटल्या नाहीत, दाजी. मी त्यांना जाऊ दिलं."

इंद्रजीत माझा मेहुणा, माझी बायको गीता हिचा धाकटा भाऊ. नाशकात त्याचं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं दुकान आहे. लोकांच्या घरांवर नजर ठेवायची यंत्रं विकता विकता आपल्यालाही नजर आहे असा त्याचा समज झाला, आणि दुकानाच्या पाटीवर त्यानं नावाआधी 'डिटेक्टिव्ह' असं रंगवून घेतलं. तोवर त्याच्याकडं एकच प्रकरण आलं होतं, शेजाऱ्याच्या हरवलेल्या मांजराचं. त्यानं मांजर शोधून आणलं. ते दुसऱ्याचं होतं.

या वेळचं प्रकरण मोठं होतं. नाशकातल्या कुणीतरी त्याला विचारलं, "तुमच्या संभाजीनगरात खायला खास काय मिळतं हो?" आणि त्याला उत्तर सुचलं नाही. लगेच बॅग भरून तो आमच्याकडं आला. 'या शहराची खरी चव कुठं लपली आहे?' असा तपासाचा विषय होता. त्याचा अहवाल लिहायला चांगलं अक्षर असलेला सहायक हवा होता. तो मी.

मी, अप्पाराव. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना शिकवत निवृत्त झालो. अजूनही संध्याकाळी गल्लीतली पोरं पाटी-दप्तर घेऊन ओट्यावर येतात. शिकवताना मी एकच गोष्ट कटाक्षानं पाळतो, उत्तर आपण सांगायचं नाही. मूल चुकतं, पाटी पुसतं, पुन्हा चुकतं, आणि एका क्षणी त्याचं त्याला उमगतं. त्या क्षणीचा त्याचा चेहरा बघण्यासाठी मी कितीही वेळ थांबू शकतो. इंद्रजीत पन्नाशीला आलाय. मी थांबलोच आहे.

तर तपासाचा त्याचा पहिला नियम असा होता, की तपास संपेपर्यंत घरचं अन्न वर्ज्य. "साक्षीदाराच्या घरी जेवलं की निकाल फिरतो," असं तो म्हणाला.

"साक्षीदार कोण?" मी विचारलं.

"ताई."

ताईनं, म्हणजे गीतानं, पहिल्या दिवशी भरलं वांगं केलं. इंद्रजीत गुलमंडीत कचोरीवर कढी ओतून तपास करत होता. दुसऱ्या दिवशी तिनं धपाटे केले, सोबत लोणी. इंद्रजीत इमरतीच्या कढईवर वाकून पाकाची चौकशी करत होता. दोन्ही दिवस आम्ही नवरा-बायको पाहुण्याच्या वाट्याचंही जेवलो. माझ्या पँटचा पट्टा एक भोक पुढं गेला. गीता मात्र जेवताना बोलेनाशी झाली होती. इंद्रजीत या घरात शेवटचा जेवला तो आमच्या अपेक्षाच्या लग्नात, तेही उभ्या-उभ्या, मांडवातले कॅमेरे तपासत.

आज तिसरा दिवस होता. संध्याकाळच्या बसनं तो नाशकाला परत जाणार होता. आणि गीतानं आज येसरची आमटी केली होती. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाला खरपूस भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत त्याची झणझणीत आमटी असते आणि लोक नवरा-नवरी विसरतात, आमटी विसरत नाहीत. गीतानं पहाटे उठून सगळं भाजलं होतं. वास इतका सुटला होता की समोरच्या घरातल्या आजारी माणसानं अंथरुणातून उठून खिडकी उघडली.

इंद्रजीत निघायला उठला. "ताई, शहागंजात शेवटचा नान चाखून येतो, आणि तिथूनच बसला जातो."

"जेवून जा की रं."

"नको गं. तपास आहे."

"येसरची आमटी केलीय."

"अहवालात नोंद घेतो. दाजी, लिहा. येसरची आमटी, वासावरून उत्तम."

गीता त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मला या 'बरं'ची ओळख आहे. आमच्या घरात ते क्वचित उच्चारलं जातं आणि त्यानंतर काहीतरी नक्की घडतं. या वेळी असं घडलं, की इंद्रजीत केस विंचरायला आत गेला. गीता शांतपणे दाराशी गेली. तिनं त्याचा डावा बूट उचलला, दिवाणाची फळी वर केली, बूट रजयांच्या खाली सारला आणि फळी बसवली. मग माझ्या चपलांकडं बोट दाखवून म्हणाली, "बोललात तर तुमची बी जाईल."

वाचकांपासून मी काही लपवत नाही. उत्तर न सांगण्याचा नियम फक्त इंद्रजीतपुरता. आमच्या भागात पाहुणा न जेवता निघाला, की घरातलं कुणीतरी हळूच त्याची चप्पल लपवतं. पाहुणा चप्पल शोधतो, तोवर पान वाढून होतं. कुणी लपवली, का लपवली, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पाहुण्यालाही. पाहुणा हसतो, हात धुतो आणि पानावर बसतो.

इंद्रजीत हसला नाही. त्यानं खिशातून भिंग काढलं.

"दाजी," तो कुजबुजला, "कुणीही जागचं हलू नका."

विचार करायला तो दिवाणावर बसला. म्हणजे बुटावरच.

"साधा चोर काय करतो? दोन्ही बूट नेतो. यानं एकच नेला. डावा. का?"

"का?"

"कारण त्याच्याकडं उजवा आहे! त्याचा डावा हरवलाय. कुणीतरी चोरलाय. आणि ज्यानं तो चोरला, त्याचाही डावा आधी कुणीतरी चोरला असणार. दाजी, या शहरात डाव्या बुटांचं रॅकेट आहे."

"मग सगळ्यांत पहिला चोर कोण?" मी विचारलं. प्रश्न चांगला होता. वर्गात कुणी विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती.

इंद्रजीतनं डोळे मिटले. "पहिला," तो गंभीरपणे म्हणाला, "अनवाणी होता."

मग गीताची उलटतपासणी झाली.

"ताई, बूट शेवटचा कधी पाहिलास?"

"तू घालून आलास तवा."

"त्यानंतर?"

"त्यानंतर तू काढलास."

"आणि मग?"

"मग तू जेवला नाहीस."

"विषय बदलू नकोस, ताई."

उरलेला उजवा बूट त्यानं टेबलावर वर्तमानपत्रात ठेवला आणि भिंगातून बघितला. टाचेजवळ पिवळा डाग होता, कडेला चिकट काहीतरी होतं आणि तिथं मुंग्या होत्या. "जुळे भाऊ आहेत हे," तो म्हणाला. "उजव्यावर जे आहे तेच डाव्यावर असणार. पिवळं म्हणजे नानवाला. चिकट म्हणजे इमरतीवाला. चोर या दोघांपैकी एकाशी संबंधित आहे."

ते डाग त्यानं स्वतःच काल-परवा पाडले होते, तेही माझ्यादेखत. पण मूल चुकीचं गणित भरभर सोडवत असलं की मी मधे बोलत नाही.

"आमटी गरम आहे," गीता म्हणाली. "आता तरी दोन घास खा."

"परत आल्यावर बघतो."

"काय बघशील?"

"पुरावे."

आम्ही निघालो. इंद्रजीतच्या उजव्या पायात तपकिरी बूट होता आणि डाव्या पायात गीताची न्हाणीघरातली निळी स्लिपर. स्लिपर लहान असल्यामुळं त्याची टाच मागं जमिनीवर टेकत होती आणि तो प्रत्येक पावलाला थोडा नम्र होऊन चालत होता. सिडकोच्या कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग इंद्रजीतच्या पायांकडं, आणि हसून म्हणाला, "जेवले नाय व्हय पाव्हणे?"

इंद्रजीतनं त्याला उत्तर दिलं नाही. मला मात्र कोपरानं ढोसलं. "ऐकलंत? विनाकारण जेवणाची चौकशी."

गुलमंडीच्या गर्दीत रिक्षा सोडून आम्ही इमरतीच्या दुकानाशी गेलो. दुकान मोनिकाचं. ती माझी विद्यार्थिनी. उडदाच्या पिठाची वेटोळी ती तुपात अशी सोडते की मला तिच्या पाटीवरचं 'ळ' आठवतं. तेही असंच एका दमात निघायचं.

"गुरुजी, या की!" तिनं झारा हलवत हाक मारली. "हे पाव्हणे काल बी आलते. काल दोन्ही पायांत बूट होते."

"साक्षीदार!" इंद्रजीत पुढं सरसावला. "बाई, काल माझा डावा बूट तुम्ही शेवटचा कुठं पाहिलात?"

"पाकाच्या पातेल्यापाशी. तुम्ही 'जवळून बघतो' म्हणाला आणि पातेल्याला पाय लावला. अर्धा पाक रस्त्यावर, अर्धा तुमच्यावर. विसरले का?"

"म्हणजे माझे दोन्ही बूट गोड होते," इंद्रजीत पुटपुटला. थोडा वेळ तो इमरतीभोवती घोंगावणाऱ्या माशांकडं बघत उभा राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "दाजी! मुंग्या!"

"मुंग्यांचं काय?"

"मुंग्यांनी नेला! मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते, तुम्हीच मुलांना शिकवलं असेल."

"शिकवलंय. पण तिला बूट उचलायला शिकवलं नाही."

"गुरुजी, बूट अर्ध्या किलोचा धरला," मोनिका कढईवरून म्हणाली, "आणि एक मुंगी साखरेचा दाणा उचलती म्हटलं..." ती खरंच गणित मांडू लागली. एक घाणा करपला. मला तिचा फार अभिमान वाटला.

गणित लाखांत जायला लागलं तेव्हा इंद्रजीतनं ते सोडून दिलं, कारण तेवढ्या मुंग्या दारातून जाताना ताईनं झाडल्या असत्या. हा त्याच्या दिवसभरातला एकमेव बिनचूक निष्कर्ष. मग त्यानं पुरावा म्हणून गरम इमरती मागितली, तिची उलटसुलट पाहणी केली आणि पुरावा खाऊन टाकला. त्याला पाण्याचा पेला देताना मोनिकानं त्याच्या निळ्या स्लिपरकडं नीट बघितलं. "पाव्हणे," ती म्हणाली, "घरी जेवला नाय का?"

इंद्रजीतच्या हातातला पेला थांबला. मोनिका माझ्याकडं बघून हसली. मी ओठांवर बोट ठेवलं. ती पुन्हा कढईकडं वळली, पण तिचे खांदे हलत होते.

शहागंजाच्या बोळात मुश्ताकभाईंची नानची भट्टी आहे. जमिनीत पुरलेला तंदूर, भोवती पिठाच्या गोळ्यांच्या रांगा, आणि बाजूला पिवळ्या पाण्याचं भांडं. भट्टीत लावण्याआधी नानला हा पिवळा हात फिरवतात, म्हणून आमच्या शहराचा नान सोन्यासारखा दिसतो आणि इंद्रजीतच्या बुटासारखाही.

"आओ मास्टरसाब," मुश्ताकभाई म्हणाले. मग त्यांची नजर खाली गेली. "ये क्या, एक पाँव शादी में, एक पाँव हमाम में?"

"मला तंदूर बघायचाय," इंद्रजीत म्हणाला.

"देखो मियाँ. मगर दूर से."

इंद्रजीत गुडघे टेकून तंदुरात डोकावला. त्याच्या भुवया थोड्या आखूड झाल्या. "दाजी, चामडं भाजल्याचा वास येतोय!"

"मूछ है आपकी," मुश्ताकभाई म्हणाले.

मग इंद्रजीतनं नवा सिद्धांत मांडला. काल त्यानं इथं खलिया खाल्ला होता आणि मटण किंचित चिवट लागलं होतं. काल मटण चिवट, आज बूट गायब. यात संबंध नाही असं कोण म्हणेल?

"काल तर बूट तुझ्या पायात होता," मी सुचवलं.

"तेच तर! म्हणजे काल सराव झाला."

मुश्ताकभाई कमरेवर हात ठेवून हे ऐकत होते. त्यांनी खलियाच्या पातेल्याचं झाकण उघडलं, लाल तर्रीखालून एक तुकडा काढला आणि बोटांनी दाबून त्याचे दोन भाग करून दाखवले. "चिवट इसलिए लगा कि आप बात करते-करते खा रहे थे. बैठो. चुप बैठ के खाओ."

इंद्रजीत गप्प बसून खायला लागला आणि अर्धा नान संपेपर्यंत चोर, बूट, बस सगळं विसरला. मी शाकाहारी, म्हणून माझ्यापुढं कोरा नान आणि चहा आला. मुश्ताकभाई माझ्या कानाशी वाकले. "घर में नहीं खाया ना ये?"

"तीन दिवस."

"तौबा! हमारी अम्मी तो गाड़ी की चाबी छुपाती थी. अभी घर जाओगे तो देखना, और सामान गया होगा." मग मोठ्यानं इंद्रजीतला विचारलं, "क्यों मियाँ, घर में खाना खाए कि नहीं?"

इंद्रजीत ताडकन उठला. मला हाताला धरून त्यानं बोळाच्या टोकाला नेलं. त्याच्या मिशीला तर्री लागली होती आणि डोळे चमकत होते.

"तीन माणसं, दाजी! रिक्षावाला, इमरतीवाली, नानवाला. एकमेकांना ओळखत नाहीत. आणि तिघांचं वाक्य एकच, जेवलात का! याचा अर्थ काय?"

मी श्वास रोखला. अगदी जवळ आलं होतं पोर. "सांग," मी म्हणालो. "घाई करू नकोस. काय अर्थ?"

"परवलीचा शब्द!"

मी श्वास सोडला.

"टोळीची माणसं एकमेकांना यावरून ओळखतात. आता याचं बरोबर उत्तर मिळालं की आपण आत शिरलो." तो परत भट्टीपाशी गेला, इकडंतिकडं बघितलं आणि मुश्ताकभाईंना हळूच म्हणाला, "जेवलो. पण मीठ कमी होतं."

मुश्ताकभाईंनी खलियाच्या पातेल्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "मेरे खलिये में?"

आम्ही तिथून लवकर निघालो.

घरी आलो तर ऊन कलायला लागलं होतं. आमटीचा वास गल्लीच्या तोंडापासून आमच्या सोबत चालत आला. आणि मुश्ताकभाई बोलले होते तसंच झालं होतं. इंद्रजीतची बॅग जागेवर नव्हती.

"बॅगसुद्धा!" तो ओरडला. "त्यात बसचं तिकीट आहे!"

गीता स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. आमटी परत गरम करताना वाफ लागली असेल, असं मी इंद्रजीतला सांगितलं असतं, त्यानं विचारलं असतं तर. "तिसऱ्यांदा गरम केलीय," ती म्हणाली. "जेवलास का काय?"

इंद्रजीत दोन पावलं मागं सरकला. "ताई... तुलाही तो शब्द माहीत आहे?"

"कोणता शब्द?"

"दाजी, टोळीचा म्होरक्या या घरातच आहे." त्यानं सगळ्या खोलीवरून सावकाश नजर फिरवली. ती गीतावर थांबली. माझ्या मनात आशा उगवली. मग ती नजर पुढं सरकली आणि माझ्यावर येऊन बसली. "दाजी. तुम्ही."

"मी?"

"तुमच्या चपला झिजल्या आहेत. तुम्हाला बूट हवा होता. आणि तुम्ही दिवसभर माझ्यासोबत राहिलात, म्हणजे तुमच्यावर कुणाला संशय येणार नाही. फार हुशारी केलीत, दाजी."

मुलानं मास्तरालाच चोर ठरवलं तरी मास्तरानं चिडायचं नसतं. मी त्याला समोर बसवलं. "इंद्रजीत, मी तुला एक सोपा प्रश्न विचारतो. नीट विचार कर. बूट नाहीसा व्हायच्या अगदी आधी तू कशाला नाही म्हणालास?"

तो बराच वेळ विचार करत राहिला. गीता दाराला टेकून उभी होती. बाहेर पोरं शिकवणीला जमली होती, तीही खिडकीतून गप्प बघत होती.

"मुंगीचं वाक्य खोडायला," इंद्रजीत म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. देवगाव रंगारीहून माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. त्या रोज याच सुमाराला व्हिडिओ कॉल करतात आणि फोन असा धरतात की आम्हाला फक्त त्यांचं कपाळ दिसतं.

"इंद्या, बसमध्ये बसलास का?" कपाळ म्हणालं.

"नाही, माय! भयंकर प्रकरण झालंय. इथं डाव्या बुटांचं रॅकेट आहे. आधी माझा बूट गेला, मग बॅग. इमरतीवाली, नानवाला, रिक्षावाला सगळे सामील आहेत, आणि दाजी..."

"जेवलास का?"

इंद्रजीतचा चेहरा पांढरा पडला. फोन हातातून सुटता सुटता राहिला. "माय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तूसुद्धा?"

"काय तूसुद्धा? ताईच्या घरी जेवलास का नाय, ते सांग."

"नाही, पण..."

"मग कसा घावंल बूट? गीते! दिवाणात टाकलास व्हय?"

"व्हय माय," गीता म्हणाली.

"बॅग?"

"पिठाच्या गिरणीवाल्याकडं ठेवून आले."

"शाणी माझी बाय." कपाळ पुन्हा इंद्रजीतकडं वळलं. "आन तू रं? आपल्या घरी कुणाच्या चपला कोण लपवायचं, इसरलास? तलाठी आला, कोण लपवायचं? गुरांचा डॉक्टर आला, कोण? मी नुसती डोळ्यानं खुणवायचे आन तू पळायचास. 'माय, दोन्ही नको लपवू, डावीच लपवू. दोन गेल्या तर चोरी वाटती, एक गेली तर कुत्र्यानं नेली वाटती आन माणूस शोधत बसतो.' कुणाचं डोकं ते? तुझंच ना? आन आता भिंग घेऊन फिरतोस!"

फोन बंद झाला. कपाळ गेलं.

मी इंद्रजीतकडं बघत होतो. मला माझा स्वतःचा एक दिवस आठवला. गीताला बघायला मी देवगावला गेलो होतो आणि चहा घेऊन निघणार होतो. दाराशी डावी चप्पल नव्हती. ओसरीवर एक लहान मुलगा फार निरागस चेहऱ्यानं आभाळाकडं बघत उभा होता. मी जेवायला थांबलो. येसरची आमटी होती. माझ्या होकारात त्या आमटीचा वाटा किती होता, हे मी घरात बोलत नाही.

तो निरागस मुलगा आता माझ्यासमोर एका पायात निळी स्लिपर घालून उभा होता. आणि तो क्षण आला. तोंड किंचित उघडं, डोळे मोठे. उत्तर सापडलेल्या मुलाचा चेहरा. मी दिवसभर ज्यासाठी थांबलो होतो तो हाच.

"पण ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे तर पाहुण्यांसाठी असतं. मी काय पाहुणा आहे?"

"घरात जेवतो तो घरचा," गीता म्हणाली. "तीन दिवस सगळ्या शहरात जेवलास. कचोरी चालली, नान चालला, रस्त्यावर उभं राहून चाललं. मी गल्लीत सांगून ठेवलं होतं, भाऊ येणार म्हणून. मग तू पाहुणाच की. पाहुण्याचीच तर लपवतात."

इंद्रजीत काही बोलला नाही. तो आत गेला आणि नळाचा आवाज आला.

मी दिवाणाची फळी उचलली. रजयांखालून डावा बूट निघाला आणि त्याच्या मागोमाग मुंग्यांची भलीमोठी रांग. इंद्रजीत ओले हात घेऊन बाहेर आला, त्यानं ते बघितलं आणि एक क्षणभर त्याचा जुना आवाज परत आला. "मुंग्या! दाजी, मी म्हणालो नव्हतो?"

"गप जेव," गीता म्हणाली.

तो जेवला. ज्वारीच्या भाकरीचा काला, त्यावर आमटी, वर कांदा. पहिल्या घासाला त्याला ठसका लागला, दुसऱ्याला नाक वाहायला लागलं, तिसऱ्याला डोळे. "तिखट आहे," तो डोळे पुसत म्हणाला. गीतानं मान हलवली. तिचेही डोळे वाहत होते आणि ती तर जेवतही नव्हती.

"दाजी, लिहा," तो मधेच म्हणाला.

मी पेन उघडलं. "सांग."

तो विचार करू लागला. "या शहराची खरी चव... खरी चव अशी आहे की..." मग त्यानं वाटी तोंडाला लावली. बऱ्याच वेळानं वाटी खाली आली. "राहू द्या. ती भाकरी इकडं सरकवा."

बस कधीच गेली होती. गिरणीवाल्यानं बॅग आणून दिली आणि जाता जाता तोही विचारून गेला, "जेवले का पाव्हणे?" इंद्रजीतनं हात जोडले.

सकाळची बस पकडायची ठरलं. गीतानं रात्रीच येसरचं पीठ डब्यात भरून ठेवलं. सकाळी इंद्रजीत अंघोळ करून, केस विंचरून तयार झाला. दाराशी त्याची बॅग होती. बॅगेजवळ बूट होता. उजवा.

"ताई!" त्यानं हाक मारली. "डावा कुठाय?"

गीता धावत आली. "मी नाय घेतला! शप्पत! काल तर तू जेवलास, मी कशाला घेऊ?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. आम्ही दिवाण उघडला. रजया होत्या. पलंगाखाली बघितलं, पाण्याच्या टाकीमागं बघितलं. बूट नव्हता.

इंद्रजीत खोलीच्या मधोमध हात मागं बांधून उभा होता. चेहरा अत्यंत गंभीर. "प्रकरण वाटलं त्यापेक्षा खोल आहे," तो म्हणाला. "आजचा दिवस तरी राहावं लागेल. ताई, दुपारी काय करणार आहेस?"

"शेंगोळे करते की," गीता म्हणाली. मग तिची नजर माझ्या नजरेच्या मागोमाग जमिनीवर आली.

दाराच्या उंबऱ्यापासून मुंग्यांची एक बारीक रांग निघाली होती. ती फरशीवरून शिस्तीत चालत होती, इंद्रजीतच्या बॅगेवर चढत होती आणि चेनच्या फटीतून आत जात होती. फटीतून तपकिरी नाडीचं टोक बाहेर आलं होतं.

इंद्रजीतनं आम्हाला बघताना बघितलं. तो छताकडं बघू लागला. तोच निरागस चेहरा, देवगावच्या ओसरीवरचा.

"बरं," गीता म्हणाली. हे 'बरं' मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ती कुळथाचं पीठ काढायला आत गेली.

"लिहा, दाजी," इंद्रजीत छताकडं बघतच म्हणाला.

मी पेनाचं टोपण काढलं. 'डावा बूट पुन्हा बेपत्ता,' मी लिहिलं. 'कसलाही सुगावा नाही.' आणि मुंग्यांना जाऊ दिलं.